विमानाला दटावणारे गुलाबभाऊ

दुपारी चारच्या सुमाराला कलकत्त्याहून नागपूरला उतरणारं विमान भंडाऱ्यावर आलं, की गुलाबभाऊ दुकानातून गल्लीत यायचे, आकाशाकडे बोट रोखायचे आणि ओरडायचे, "अबे, धीरे! मानसं राहतेत खाली!"

गंमत अशी, की गुलाबभाऊंचं दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचं. मागच्या पडवीत त्यांचेच कारागीर दिवसभर टणाटण ठोकत असायचे. समोरच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. हातातल्या घड्याळाची टिकटिक चालू आहे की बंद, हे मला कधी कानाने कळलं नाही.

मी एकदा म्हटलंच, "भाऊ, हा तुमचा आवाज?"

"हा आवाज नोहे, गुरुजी. हा धंदा होय."

मी मास्तर नव्हतो. पण चष्मा असलेल्या प्रत्येकाला ते गुरुजीच म्हणायचे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. "आता इमानाले बी बोलता येते," असं म्हणून एके दिवशी गुलाबभाऊंनी पिशवीत नक्षीचा तांब्या टाकला आणि नागपूरची एसटी पकडली. विमानतळावर पहिला तांब्यासकट नमस्कार त्यांनी टोपीवाल्या चौकीदाराला घातला. त्यानेच मग खरा वैमानिक दाखवला. पोरगेलासा, मराठी बोलणारा, सभ्य माणूस. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"काका, आम्हीही काळजी घेतो," तो म्हणाला. "उतरताना शहरावर इंजिनाचा जोर कमी ठेवतो. चाकं उशिरा काढतो. जमेल तितकं उंचावरून येतो, म्हणजे खाली त्रास होत नाही."

"मंग भंडारा काय जंगल हाय?"

वैमानिक हसला. "बघतो. तुमच्या गावावरून जरा उंचावरून आणतो."

त्याने शब्द पाळला की वाटच बदलली, देव जाणे. पण आठवड्याभरात विमानाचा आवाज खरंच बंद झाला. गुलाबभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले. जो भेटेल त्याला सांगायचे, "चाकं उशिरा काढा म्हनलं मी त्याले. तेवढं ध्यानात नव्हतं आलं त्याच्या." महिनाभर गुलाबभाऊंपुढे सायकलची घंटी वाजवायचीही कुणाची छाती नव्हती.

पडवीच्या दाराशी त्यांचे वडील बसलेले असत. जन्मभर तांबं ठोकून ठार बहिरे झालेले. त्यांच्याशी सगळे खुणांनीच बोलत. हा म्हातारा आताशा रोज दुपारी उठून गल्लीत यायचा, कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळायचा आणि परत जाऊन बसायचा.

एक दिवस त्याने विचारलं, "काहून रे गुलाब, इमान बंद झालं काय?"

गुलाबभाऊंनी चमकून कानाकडे बोट नेलं. ऐकू येत होतं?

"तेवढंच येत होतं मले," म्हातारा म्हणाला. "घुंऽऽ करत जाय. वाटे, हाओ, अजून हाय काही बाकी."

गुलाबभाऊंनी हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. कुणाला न सांगता गुलाबभाऊ पुन्हा नागपूरला गेले होते. संध्याकाळी परतले ते पडेल चेहऱ्याने. "त्याची बदली झाली," एवढंच मला म्हणाले. "आता कोनाले म्हनू, आवाज करा म्हनून?"

त्यानंतरच्या दुपारी पडवीतली ठोकाठोक एकाएकी थांबली. मी घाबरून बाहेर आलो. गुलाबभाऊंनी दुकानातलं सगळ्यात मोठं घंगाळ ओट्यावर आडवं ठेवलं होतं. शेजारी वडिलांना बसवून त्यांचा हात त्याच्या काठावर ठेवला आणि स्वतः आत डोकं घालून, होता नव्हता तेवढा दम लावून सुरुवात केली, "घुंऽऽऽ!"

घंगाळ थरथरायला लागलं. कारागीर हातोड्या धरून उभे होते. कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्याने घंगाळात शिरलेल्या आपल्या पन्नाशीच्या पोराकडे थोडा वेळ पाहिलं. मग मान वर केली, कपाळावर हात धरला आणि कोऱ्या आभाळाकडे बघत म्हणाला, "आज लय खालून चाललं रे, गुलाब."