बारा ओळींची प्रार्थना

सलग तिसऱ्या दिवशी मधुसूदन आष्टेकर काळ्या पडद्याकडे बघत बसला होता, आणि काळा पडदा मधुसूदनकडे. दोघांपैकी माघार घ्यायला कुणी तयार नव्हतं.

जागा चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधली, राव सर, म्हणजे तिथल्या तोंडी राव सार, यांचं मिरच्यांचं गोदाम. साल दोन हजार तीन. एव्हाना सगळं जग रंगीत पडद्यावर माऊस फिरवत होतं, पण राव सारांनी बंदराजवळच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून सहा जुने टर्मिनल उचलून आणले होते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, चित्रबित्र काही नाही, वजन मात्र एकेकाचं असं की उचलताना हमालसुद्धा देवाचं नाव घ्यायचे. कुठली लॉरी कुठल्या दाराशी लागली आणि गुंटूरची पोती कुठल्या रांगेत पडली आहेत, एवढं त्यावर दिसलं की काम झालं. हे काम मधुसूदनच्या कंपनीनं घेतलं, आणि कंपनीत सगळ्यात नवा तोच, म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं.

त्याचा प्रोबेशनचा शेवटचा आठवडा चालू होता. साहेब नारायणस्वामी यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारी अकरा वाजता डेमो. राव सारांनी पसंतीची सही केली की तू पर्मनंट. नाही केली, तर तू तुझ्या गावी सुखात राहा." गावी म्हणजे मिरजेला काकांचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं, आणि काका सहा महिने एक खुर्ची पुसून वाट बघत होते.  वेलचेरीतल्या खोलीत पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी शिरायचं, तमिळ अजून 'सरी' म्हणजे बरं आणि 'पोदुम' म्हणजे पुरे, याच्या पुढं सरकली नव्हती, पण त्याला हे शहर सोडायचं नव्हतं म्हणजे नव्हतं.

लॉरी-पोत्यांचा हिशेब ठेवणारा भाग त्यानं आधीच लिहून ठेवला होता; तो पडद्यावर उमटवायला त्यानं एक लायब्ररी घेतली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हं, दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या कामांची. अमक्या ओळीत, तमक्या घरात हे अक्षर लिही, असं तिला सांगायचं, पुढचं ती बघणार. मधुसूदननं बुधवारी सकाळी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सूचना लिहिली, पहिल्या ओळीत 'हॅलो' लिही. प्रोग्राम चालवला. टर्मिनल काळाच.

त्याला वाटलं, पहिली ओळच नादुरुस्त असेल. त्यानं दुसऱ्या ओळीसाठी आणखी एक सूचना जोडली, 'हॅलो, कुणी आहे का?' तरीही काळोख. तिसरीत लिहिलं, 'अरे बाबा, दिस की आता.' चौथीत, 'दिसशील तर शपथ.' अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. मराठी अशासाठी की भोवती सगळे तमिळ, कुणी डोकावून वाचलं तरी काय कळणार?

आणि डोकावणारा होताच. राव सार! सत्तरीचे, लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, तोंडात पान. दर तासाला ते मधुसूदनच्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता कॉम्प्युटरकडे बघायचे. त्यांचा श्वास मानेवर लागला की मधुसूदनची बोटं चुकायची. 'राव म्हणजे आंध्राचे असतील,' असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि विचारायची हिंमत केली नव्हती. वैतागून त्यानं पाचव्या ओळीत लिहिलं, 'हा म्हातारा मागं उभा राहतो आणि मानेवर श्वास सोडतो.' पडदा काळा. पण मन जरा हलकं झालं.

मग काय, चटकच लागली. सहावी ओळ, 'ह्याची कॉफी म्हणजे चूळ भरायचं पाणी.' सातवी, 'पंखा फक्त ह्याच्या अंगावर. आम्ही काय वाळत घातलेल्या मिरच्या आहोत?' गुरुवारी आठवी, 'नारायणस्वामी साहेब गाडीत घोरतात, बैठकीतही घोरतात.'

गुरुवारी गंमत अशी झाली की दहाची कॉफी चक्क फेसाळ, दाट, पितळी वाटी-पेल्यातून आली. दुपारी एका हमालानं टेबलफॅनचं तोंड मधुसूदनकडे वळवलं. 'चला, ग्रह बदलले,' असं म्हणून त्यानं कॉफी मिटक्या मारत प्यायली. मात्र पडद्याचे ग्रह काही बदलेनात. संध्याकाळी त्याला रडूच कोसळायची वेळ आली. नववी ओळ, 'मला ही नोकरी पाहिजे हो.' दहावी, 'परत जाऊन काकांच्या खुर्चीत बसायचं नाही.' अकरावी, 'सहा महिने आमटी-भात पोटात नाही.' आणि बारावी, 'गणपती बाप्पा, आता तूच काय ते दाखव.'

शुक्रवारी पावणेअकरा वाजता त्यानं ऑफिसातल्या मुरलीला फोन लावला. हा मुरली कंपनीतला जुना गडी.

"मुरली, मेलो रे. तीन दिवस लिहितोय, एक अक्षर दिसत नाही."

"रिफ्रेश लिहिलंस?"

"ते काय असतं?"

मुरली फोनवर पोटभर हसला. "अरे येड्या, ती लायब्ररी लिहिलेलं लगेच दाखवत नाही. आधी सगळं मेमरीतल्या एका पानावर लिहून गुपचूप ठेवते. रिफ्रेश म्हटलंस की अख्खं पान एकदम पडद्यावर. शेवटी एक ओळ टाक, बस्स."

एक ओळ! एका ओळीपायी तीन दिवस! मधुसूदननं ती टाकली आणि प्रोग्राम सहाही टर्मिनलना जोडला. एवढ्यात दारातून आवाज आला, "वणक्कम, वणक्कम!" नारायणस्वामी साहेब आले होते, कपाळाला ठसठशीत गंध लावून, हातात लिंबू आणि सहीचा कागद घेऊन. मागून राव सार, आणि त्यांच्यामागं गोदामातले सगळे हमाल.

"मधू, चालू कर," साहेब म्हणाले.

आपण त्या पानावर काय काय लिहून ठेवलंय, हे मधुसूदनला बटण दाबल्यावर आठवलं. तोवर उशीर झाला होता. सहा पडदे एकदम हिरवे झाले, आणि प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत, ठळक इंग्रजी अक्षरांत, बारा ओळी.

 साहेब पुढं वाकले. "हे काय आहे?"

 साहेबांची नजर वरून खाली घसरत शेवटच्या ओळीवर गेली आणि तिथं 'गणपती' हे नाव दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "प्रार्थना?"

"हो... हो सर. मराठी प्रार्थना. शुभ काम आहे म्हणून."

"अरे वा!" साहेबांनी तिथल्या तिथं चपला काढल्या. ते बघून हमालांनीही काढल्या. साहेबांनी हात जोडले, डोळे अर्धवट मिटले आणि मोठ्यानं, सुरात, एकेक ओळ म्हणायला सुरुवात केली. हमाल त्यांच्यामागून म्हणू लागले. "हा म्हातारा मागं उभा राहतो," साहेब आळवत होते, आणि पंधरा गळे भक्तिभावानं साथ देत होते, "मानेवर श्वास सोडतो." आठवी ओळ आली तेव्हा साहेब थबकले. "नारायणस्वामी! भगवंताचं नाव पण घातलंस?" त्यांनी ती ओळ दोनदा म्हटली. 'घोरतात'वर त्यांचा आवाज इतका भरून आला की एका हमालानं डोळे पुसले.

राव सार मात्र मधुसूदनकडे बघत पान चघळत होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी पान गालात सरकवलं आणि इंग्रजीत म्हणाले, "छान. आता अर्थ सांग."

"अर्थ?"

"करेक्ट," साहेब म्हणाले, "अर्थाशिवाय प्रार्थना कसली? ओळ पाचपासून सांग, ती मला फार आवडली."

मधुसूदननं मनातल्या मनात मिरजेची गाडी पकडली. पण बुडता माणूस हातपाय मारतोच. "पाचवी म्हणजे सर... तो पुराणपुरुष सदैव आपल्या पाठीशी उभा असतो. आपण लक्ष देत नाही, पण त्याचा श्वास आपल्याला जाणवतो."

"आहाहा!" साहेब म्हणाले.

"सहावी?" राव सारांनी विचारलं.

"त्याच्या घरचं साधं पाणीसुद्धा भक्ताला... तीर्थ वाटतं."

"अच्छा. तीर्थ." राव सारांची मिशी जराशी हलली. "आणि सातवी? त्यात मिरच्या दिसतात."

"आपण सगळे संसाराच्या उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या आहोत, सर. त्याच्या कृपेचा वारा आपल्याकडेही वळू दे."

"मिरच्या!" साहेबांनी मधुसूदनची पाठ थोपटली. "मिरचीच्या व्यापाऱ्याला मिरचीची प्रार्थना! याला म्हणतात गिऱ्हाइकाचा अभ्यास."

"आणि नववी, दहावी, अकरावी?" राव सार म्हणाले.

इथं मात्र मधुसूदनला काही रचता येईना. खोटं बोलून बोलून तो थकला होता. "त्यात भक्त म्हणतो," तो खाली बघत पुटपुटला, "की मला इथंच राहू द्या. परत पाठवू नका. लांब आलोय, घरच्या जेवणाची आठवण येते, पण राहू द्या."

 राव सारांनी साहेबांच्या हातातला कागद घेतला, गुडघ्यावर ठेवून सही ठोकली आणि म्हणाले, "एक अट. ही प्रार्थना काढायची नाही. रोज सकाळी सहाही पडद्यांवर आधी ही, मग लॉरी." साहेबांनी ढेकर दिल्यासारखा समाधानाचा सुस्कारा सोडला आणि लिंबू टर्मिनलवर ठेवलं.

साहेब गेल्यावर राव सारांनी मधुसूदनला आतल्या खोलीत बोलावलं. समोरच्या स्टुलाकडे बोट केलं, आणि चक्क मराठीत, पण कुठल्याशा जुन्या वळणाच्या, तमिळ हेलाच्या मराठीत म्हणाले, "बैस रे बाळा. मी मानेवर श्वास सोडतों काय?"

मधुसूदन स्टुलावर बसायचं ते चुकून पोत्यावर बसला. "सार, तुम्ही... मराठी?"

"तंजावूरचे आमी. पाटीवर एम. ए. राव, घरीं अनंतराव. पिढ्या झाल्या, घरांत अजून मराठीच बोल्तों."

"पण मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तूं कुठें बोललास? तूं नुसता लिहीत होतास. मी मागें उभा राहून वाचत होतों." अनंतराव आता उघडपणे हसत होते. "तीन दिवस! बाहेरच्या माणसानं लिहिलेली मराठी बघून किती वर्षं झालीं, ठाऊक? बायकोला रोज जाऊन सांगत होतों, आज पोरगा काय म्हणाला. कॉफी तिनंच करून पाठविली. पंखा मीच वळवायला लाविला. चष्मा लावून वाचायचें तर जवळ यावें लागतें रे, मणून श्वास!"

मधुसूदनचे कान मिरचीसारखे लाल झाले. "चुकलो सार. माफ करा."

"माफी नक्को. वरती चल. विजयलक्ष्मी अकरावी ओळ ऐकल्यापासून डाळ शिजवून बसली आहे."

गोदामाच्या वरच अनंतरावांचं घर होतं. विजयलक्ष्मीबाईंनी पान मांडलं होतं. आमटीत मिरजेचा गूळ नव्हता आणि कढीपत्ता दुप्पट होता, पण मधुसूदन चार वेळा भात घेऊन जेवला आणि शेवटी वाटी तोंडाला लावली. "सावकाश रे," त्या म्हणाल्या, "अजून आहे."

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, पर्मनंट झालेला मधुसूदन साहेबांबरोबर गोदामात आला. नऊच्या ठोक्याला पडदे हिरवे झाले. हमालांनी चपला काढल्या, साहेबांनी हात जोडले, आणि सगळ्यांत पुढं उभं राहून अनंतराव खणखणीत आवाजात म्हणू लागले, "हा म्हातारा मागं उभा राहतो..."

बारावी ओळ झाली. मधुसूदन हात सोडणार, तोच लोक पुढं म्हणतच राहिले. त्यानं वर बघितलं. पडद्यावर तेरावी ओळ होती. ती त्यानं लिहिली नव्हती. नक्कीच अनंतरावांनी मुरलीकडून घालून घेतली असणार, आणि रिफ्रेशही न विसरता.

"आमटी झाली आहे, वरती ये," पंधरा गळ्यांनी एका सुरात म्हटलं.

साहेबांनी डोळे न उघडता कोपरानं मधुसूदनला ढोसलं. "नवी ओळ! हिचा अर्थ काय रे, मधू?"

तोवर मधुसूदन जिन्याच्या निम्म्यावर पोचला होता.