डबीवरचा हात

अजीजभाईंचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि निवृत्ती गायकवाडांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं म्हणावं, तर तेही नाही. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात नीट घडी घालून ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून निवृत्तीरावांनी शब्दकोश उघडला नव्हता. शब्द अडला तर अडला, ते तसेच पुढं वाचत. मुखेडच्या वाचनालयात चाळीस वर्षं ग्रंथपाल राहून आता नांदेडला मुलाकडं आलेल्या माणसाची ही अवस्था होती.

अजीजभाई उदगीरचे, पुस्तकं बांधणारे. वाचनालयातली फाटकी पुस्तकं पोत्यात बसून एसटीनं उदगीरला जायची आणि महिन्याभरानं पाठीला नवं कापड लावून परत यायची. आता अजीजभाईंची नजर गेली होती. पत्र त्यांच्या नातीनं, जेबानं लिहिलं होतं. शब्द मात्र त्यांचेच.

"निवृत्तीभाऊ, तुमचं ते खलाशाचं जाड पुस्तक मी तीनदा शिवलं. शिवताना जे पान समोर येईल तेवढं वाचलं. जहाज फुटून तो बेटावर अडकला, इथवर मला ठाऊक हाय. पुढं घरी पोचला का न्हाई, ते राहूनच गेलं. तेवढं वाचून पाठवा. तुमच्याच आवाजात पाठवा, दुसऱ्याचा नको."

घोडं अडलं होतं ते शेवटच्या वाक्यावर. 'शांतता राखा' या पाटीखाली आयुष्य काढल्यामुळं निवृत्तीरावांचा आवाज कुजबुजीच्या वर कधी गेलाच नव्हता. निरोप समारंभात त्यांनी दहा मिनिटं भाषण केलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटलं, भाषणाआधी ते कागद मनातल्या मनात वाचून घेत आहेत. असला आवाज कुणाला पाठवायचा? फोन करून 'पोचला' किंवा 'नाही पोचला' एवढं सांगता आलं असतं. पण चारशे पानांच्या पुस्तकाचा शेवट फोनवर सांगून टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी पान फाडण्याइतकं पाप होतं.

मागच्या आठवड्यात जेबाचा फोन आला. आधी दादा, म्हणजे तिचे आजोबा, रोज विचारायचे, नांदेडहून काही आलं का म्हणून. आता विचारत नाहीत, असं ती म्हणाली. तक्रार नव्हती, सहज सांगितलं होतं. निवृत्तीराव दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त हे सांगू शकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं की आज ते रेकॉर्डिंग करणार, आणि एकटे करणार. सूनबाई विशाखा लोह्याच्या शाळेत शिक्षिका होती आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गात असे. घरातल्या लहान खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तिनं गाणी रेकॉर्ड करायची सोय केली होती. एक माइक, एक लॅपटॉप आणि दोघांच्या मध्ये एक लाल डबी. माइकमधला आवाज डबीत जातो, डबीतून लॅपटॉपमध्ये, एवढं तिनं समजावलं. आणखी काही सांगणार, तोच सासऱ्यांनी हात वर केला. डबीसोबत आलेली माहितीपुस्तिका त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. टिपणंही काढली होती.

"बाबा, अडलं तर फोन करा," ती म्हणाली.

"अडणार नाही," निवृत्तीराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी एवढ्या ठामपणे फार कमी वेळा काही म्हटलं होतं.

ती गेली. निवृत्तीरावांनी डबीला जोडलेला हेडफोन कानांवर चढवला, पुस्तकाची शेवटची चाळीस पानं उघडली आणि वाचायला सुरुवात केली. कानात काहीच येईना. समोर लॅपटॉपवर हिरवी रेघ हलत होती, म्हणजे यंत्र ठीक होतं. दोष कानाचा असणार, हे त्यांनी लगेच मान्य केलं. दोष आपला आहे हे मान्य करायला त्यांना कधी वेळ लागत नसे. त्यांनी कान स्वच्छ केले, पुन्हा बसले, पुन्हा शांतता. शेवटी टिपणांत सापडलं की या जातीच्या माइकला डबीकडून वीज द्यावी लागते आणि त्यासाठी एक बटण आहे. बटण त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण काही माइक त्यानं बिघडू शकतात असा इशारा त्याच पानावर होता, म्हणून ते त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते. डोळे मिटून त्यांनी ते दाबलं.

आवाज आला, पण मुंगी बोलावी एवढा. त्यांनी डबीवरचं मोठं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता त्यांचा आवाज आला, आणि पंख्याचा, शेजाऱ्यांच्या मिक्सरचा, गल्लीत भाजी विकणाऱ्या बाईचा, स्वतःच्या पोटातला, सगळेच आले. निवृत्तीराव डगमगले नाहीत. त्यांनी पंखा बंद केला आणि घाम पुसत वाचू लागले.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मागून आणखी कुणीतरी वाचतंय. ते एक वाक्य म्हणत आणि क्षणभरानं तेच वाक्य दुरून, शेजारच्या खोलीतून यावं तसं पुन्हा ऐकू येई. दोन माणसं एकदम बोलू लागली की आपण थांबायचं, ही त्यांची जन्माची सवय. ते थांबले. तोही थांबला. त्यांनी त्याला पुरेसा वेळ दिला आणि पुन्हा सुरुवात केली, तर त्यानंही केली. असं चारदा झाल्यावर त्यांना आठवलं की अजीजभाईंना दुसऱ्याचा आवाज नको आहे. लॅपटॉपवर शोधून शोधून त्यांनी त्या माणसाला बंद केलं. बंद करताना त्यांना थोडं वाईट वाटलं.

आता फक्त एक घुरघुर उरली होती. कानात सारखं घूं चाललं होतं. टिपणांत त्यावर अडीच पानं होती. त्यांनी वायर बदलल्या, फ्रिज बंद केला, देवळात नारळ फिरवावा तशी डबी फिरवून पाहिली. आणि काय आश्चर्य, डबीला हात लागला की घुरघुर थांबे. हात काढला की सुरू. म्हणजे वाचताना एक हात डबीवर हवा. पण पुस्तकाची शिवण अजीजभाईंची होती. दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय ते उघडं राहत नसे.

नाइलाजानं त्यांनी बायकोला, गुणाबाईंना, हाक मारली. गुणाबाई पिठाचे हात पुसत आल्या, लॅपटॉपजवळ पाट टाकून बसल्या आणि कुणाचा ताप बघावा तसा डबीवर हात ठेवला. बोलायचं नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

पहिली तीन पानं त्या बोलल्या नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांना काही वाचून दाखवल्याची ही पहिलीच वेळ होती. चौथ्या पानावर, बेटावर अकरा वर्षं काढलेला खलाशी तराफा बांधू लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "अन् त्याची बायको? अकरा वर्षं ती काय करून राहिली असंल?"

निवृत्तीरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मुखेडच्या बाजारला गेलेला मानूस सांजंला आला न्हाई, तर जीव वर-खाली होतो. हितं अकरा वर्षं. अन् लिहिनाऱ्यानं तिचं नावबी न्हाई लिहिलं."

निवृत्तीरावांनी हळू आवाजात सांगितलं की नाव बाराव्या प्रकरणात आलं आहे. गुणाबाईंचं समाधान झालं नाही. तिथून पुढं दर परिच्छेदानंतर त्या त्याचा निकाल लावू लागल्या. खलाशानं पाणी साठवलं नाही, हे चुकलं. तो रडला, हे बरं केलं. हात अवघडला की हात बदलत, बदलताना एकदा घूं होई. पस्तीस पानं अशी झाली. अडतिसाव्या पानावर लांबून किनारा दिसला आणि लेखकानं आकाशाचं वर्णन काढलं.

"पोचला का?"

निवृत्तीराव वाचत राहिले. आकाशाला अजून दीड पान बाकी होतं.

"आवं, पोचला का न्हाई? सांगा, न्हाईतर हात काढते."

आणि त्यांनी हात काढला. निवृत्तीरावांच्या कानात सगळं आकाश घूं करून उठलं.

"पोचला!" ते ओरडले. "गुणा, पोचला तो! हात ठेव!"

गुणाबाईंनी हात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी विशाखानं ते ऐकलं. ऐकता ऐकता तिनं एकदा डबीकडं पाहिलं, एकदा सासऱ्यांकडं आणि हळूच सांगितलं की डबीतून काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. लॅपटॉपला डबीतून आवाज घ्यायला सांगायचं राहून गेलं होतं. सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या बारक्या माइकमधून आलं होतं. मागून वाचणारा तो दुसरा माणूसच खरा रेकॉर्ड होत होता, त्यालाच बाबांनी बंद केलं, नशिबानं फक्त कानापुरतं. आणि घुरघुर हेडफोनपुरती होती. डबीवर हात ठेवला नसता तरी चाललं असतं.

रेकॉर्डिंगमध्ये गुणाबाई समोर बसल्यासारख्या स्वच्छ ऐकू येत होत्या. त्यांच्या मागं कुठंतरी माशी गुणगुणावी तसे निवृत्तीराव. शेवटचं वाक्य तेवढं त्यांचं होतं. त्याच्या आवाजानं विशाखानं हेडफोन कानावरून उचलला.

रविवारी आपण दोघं नीट करू, असं ती म्हणाली. निवृत्तीराव हो म्हणणार होते. रविवारी, किंवा पुढच्या महिन्यात, जरा घसा बरा झाल्यावर.

"तिकडं ते मानूस इचारायचं थांबलंय," गुणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमी बसा घसा खाकरत."

दुसऱ्या दिवशी निवृत्तीराव पाकीट घेऊन पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट दाबून पाहिलं आणि आत काय आहे ते विचारलं. पेनड्राइव्ह, ते म्हणाले. त्यात काय, असं बाईंनी विचारलं. निवृत्तीरावांनी सांगितलं. बाई पुढं वाकल्या.

"काका, ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मागं नऊ माणसांची रांग होती. निवृत्तीरावांनी घसा साफ केला.

"बायकोचा आवाज आहे," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रांगेतली नऊच्या नऊ माणसं बघू लागली. "माझं एकच वाक्य आहे, शेवटी."

बाईंनी शिक्का मारला.