जिथे सहसा कोणी जात नाही

मार्चच्या शेवटी आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे नचिकेतने, पुण्याहून सगळ्या नातेवाइकांचा एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'समर प्लॅन्स'. नियम असा की प्रत्येकाने सुट्टीचा बेत सांगायचा आणि आपलं आवडतं एक 'ऑफबीट' ठिकाण सुचवायचं. ऑफबीट म्हणजे काय, असं मी विचारलं. उत्तर आलं, "बाबा, जिथे सहसा कोणी जात नाही असं ठिकाण."

मला तत्काळ आमचं घर आठवलं.

तीन वर्षं झाली होती. नात जाई शेवटची आली तेव्हा पाच वर्षांची होती, आता आठची झाली. पहिल्या वर्षी सूनबाईंची परीक्षा होती, दुसऱ्या वर्षी जाईचं स्विमिंग, आणि तिसऱ्या वर्षी "तिकडे ऊन फार असतं हो." तिसरं कारण खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. (मुंबईतही एक आहे. आमची बरीच पत्रं तिकडे गेली, त्यांचं एकही चुकून इकडे आलं नाही.) बाजाराचं गाव आहे. चौकातून सेनगावला आणि हिंगोलीला जिपा सुटतात. माणसं जीप भरेपर्यंत थांबतात आणि जातात. येणाऱ्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

ग्रुपवर एकेकाचे बेत येऊ लागले. कुणी स्पितीला, कुणी मेघालयातल्या एका खेड्यात. माझ्या मेहुण्याने व्हिएतनाम सुचवलं. (तिथे सहसा कोणी जात नाही हे वाचून मला व्हिएतनामी लोकांबद्दल आपुलकी वाटली.) मी रोज सकाळी हे सगळं चष्मा लावून वाचायचो आणि कालिंदीला मोठ्याने ऐकवायचो. कालिंदी, म्हणजे आमची मंडळी, तेव्हा डाळ निवडत असायची.

आता माझी प्रवासातली पात्रता सांगतो. आमचं घराणं औंढा नागनाथचं, देवळाच्या सेवेतलं. मी तेवढा तिथून निसटून सरकारी सेवेत गेलो आणि पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर चौतीस वर्षं बसलो. कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीचे प्रस्ताव माझ्याकडे असत. कोण कुठल्या मार्गाने कुठे गेला, जवळचा मार्ग कोणता, हे मला तोंडपाठ. महाबळेश्वरच्या सूर्यास्ताबद्दल मी ग्रामसेवकांना मार्गदर्शन करत असे. मी स्वतः कुठेही गेलो नाही. सवलत 'स्वग्रामी' जाण्यासाठीही मिळे, पण माझं स्वग्राम दोन जिपा बदलल्या की येतं. तिथे जायला सरकारची परवानगी मागण्याची मला लाज वाटली.

तर एका सकाळी मी ठरवलं, की आपणही एक ऑफबीट ठिकाण सुचवायचं. गावाचं नाव घालायचं नाही. वर्णन असं करायचं, की नचिकेतने स्पिती सोडून विचारावं, हे कुठे आहे? मग सांगायचं, बाळा, हे तुझंच घर. मी वही घेऊन बसलो.

"काय लिहून राहिलात एवढं?" कालिंदीने विचारलं.

"प्रस्ताव."

"कशाचा?"

"नचिकेतने जाईला घेऊन इकडे यावं, याचा."

"मग सरळ सांगा ना त्याला. पोरीला घेऊन ये, आम्हाला करमत नाही म्हणून."

"असं सरळ सांगतात का कुठे?"

"काहून? तोंड दुखतं का?"

तिला कसं सांगणार? चौतीस वर्षांत मी 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'सविनय सादर' यांच्याशिवाय एक वाक्य सुरू केलेलं नव्हतं. मला काही हवं आहे, हे लिहायला शासकीय नमुनाच नाही.

मी लिहिलं: "पूर्वेस सागाच्या टेकड्या. पायथ्याशी निळेशार सरोवर. पहाटे मोरांचा वावर. जवळच्या तांड्यावर चुलीवरची भाकरी आणि लसणाची चटणी. रात्री गच्चीवर अंथरूण, वर चांदण्यांचा खच. गर्दी नाही, गोंगाट नाही, हॉटेल नाही. निवास व भोजन घरगुती." इथे थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण अर्ज अपूर्ण ठेवायचा नाही ही सवय. मी खाली लिहिलं, "संपर्क:" आणि स्वतःचा मोबाईल नंबर घातला.

तासाभराने नचिकेतचा अंगठा आला. मग मजकूर: "बाबा, कसलं भारी लिहिलंय! आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर टाकलं. आहे कुठे हे?"

जिथे त्याने सायकल शिकताना गुडघे फोडून घेतले, ते गाव त्याला ओळखू आलं नव्हतं. माझी शैली चांगली होती की वाईट, याचा निर्णय मी आजवर करू शकलेलो नाही. मी सत्य सांगितलं. त्याने हसणारे तीन चेहरे पाठवले. येतो की नाही ते लिहिलं नाही.

तरी मी तयारीला लागलो. आतल्या खोलीला चुना दिला, नवा कूलर आणला, त्याला वाळ्याचे पडदे लावले. पलंगावर पोपटांच्या चित्रांची चादर घातली. त्या खोलीला आम्ही 'जाईची खोली' म्हणू लागलो आणि दार लावून ठेवू लागलो.

आणि एप्रिलच्या मध्यावर फोन आला. नाशिकचा कोणी अनिरुद्ध.

"काका, तुमच्याकडे ऑफबीट आहे ना?"

मी कालिंदीकडे पाहिलं. "ऑफबीट आहे का म्हणतात."

"संपलं असंल. बाजारच्या दिवशी आणा."

मी फोनवर सांगितलं, की काहीतरी गैरसमज आहे, हे आमचं राहतं घर आहे. ते म्हणाले, "तेच तर हवंय! मी, अपर्णा आणि आमची छोटी." मी नकाराचा मसुदा मनात जुळवत होतो. तेवढ्यात पलीकडून त्या छोटीचा आवाज आला. कालिंदीने फोन ओढून घेतला.

"लेकरू केवढं आहे?"

"आठ वर्षांची आहे, काकू."

"या," कालिंदी म्हणाली, आणि जाईच्या खोलीचं दार उघडायला गेली.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मंडळी आली. त्यांना सरोवर पाहायचं होतं. मी पुनमचंदला बोलावलं. पुनमचंद आमच्या ऑफिसात शिपाई होता, निवृत्तीनंतर जीप चालवतो. राहतो डोंगराच्या अंगाला तांड्यावर.

"कुठं घ्यायची, भाऊसाहेब?"

"तुमच्या तांड्याच्या तळ्यावर."

पुनमचंदने जीप बंद केली, मला बाजूला घेतलं. "तिथं काय हाय?"

"तळं."

"तळं हाय बराबर. पानी न्हाई."

"बिलकूल नाही?"

"भाऊसाहेब, मे लागला. म्हशी बी तिकडं जाऊन न्हाई राहिल्या. तुमी तळं पाहिलं कधी?"

मी ते पाहिलं होतं, फाईलमध्ये. पाझर तलाव, पूर्ण क्षमतेने भरलेला, खाली अभियंत्याची सही. माझ्या डोळ्यांसमोर तो तसाच होता, निळा. (शाई निळी होती.)

तळ्याशी पोचलो. खोल, रुंद, भेगाळलेली काळी माती. मधोमध एक शेळी. मी घसा खाकरून म्हणालो, "हे सरोवर हंगामी आहे." मग परत जाण्याचा मार्ग शोधू लागलो.

"वॉव," अपर्णाबाई म्हणाल्या, "किती रॉ आहे!"

रॉ म्हणजे कच्चं. मी ते मान्य केलं. अनिरुद्धराव तर भेगांचा फोटो काढायला भर उन्हात जमिनीवर आडवे झाले. एवढ्यात पुनमचंदची बायको जमनाबाई तांड्यावरून भाकरीची टोपली घेऊन आली.

"हे काहून पडलं?" ती ओरडली. "ऊन लागलं का काय? सरका!" आणि कोणी काही बोलायच्या आत तिने तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. शिवाय कांदा फोडून नाकाशी धरला.

हा त्यांच्या सहलीचा सर्वांत उत्कट अनुभव ठरला, असं त्यांनी नंतर लिहिलं. दुपारी चार तास वीज गेली, त्याला त्यांनी डिजिटल डिटॉक्स म्हटलं. गच्चीवर डास चावले, तो निसर्ग झाला. आमच्या गावात आजवर ज्याबद्दल आम्ही तक्रारअर्ज दिले, ते सगळं त्यांना आवडलं. मी अशी माणसं याआधी पाहिली नव्हती. मला त्यांची भीती वाटू लागली.

कालिंदीला मात्र वाटली नाही. तिने त्या मुलीला कुरडया तळून दिल्या, वेणी घातली, आणि तीन दिवसांत चारदा 'जाई' म्हणून हाक मारली. पोर शहाणी होती. प्रत्येक वेळी ओ द्यायची.

ते गेले आणि त्यांचे फोटो फिरले. मग ठाण्याची मंडळी आली, मग नगरची. पोपटांची चादर दिवसाआड धुवावी लागली. जमनाबाई मसाल्याची गाठोडी घेऊन जीपमधून उतरू लागली आणि स्वयंपाकाला बसू लागली, कालिंदीच्या हाताखाली नव्हे, बरोबरीने. दोघी मला बाहेरच्या ओसरीत बसवून ठेवत आणि पाहुणे आले की "माहिती ते सांगतील" म्हणत. मी टेकड्यांची उंची, निझामाच्या काळातली महसुली हद्द, तलावाची साठवण क्षमता सांगे. पाहुणे लक्ष देऊन ऐकत आणि मध्येच 'एक मिनिट हं' म्हणून फोन घेत. त्यांच्यापैकी कुणाचा फोन वाजलेला मी ऐकला नाही.

मे महिन्याच्या मध्यावर नचिकेतचा फोन आला. आवाज हसरा होता.

"बाबा, काय चाललंय काय! आईला किती वर्षांनी एवढं खुशीत पाहिलं फोटोत. खरं सांगू? आम्ही पुढच्या आठवड्यात तिकडेच यायचं म्हणत होतो. पण म्हटलं, तुमच्याकडे आता जागाच नाही. मग हिमाचलचं बुकिंग करून टाकलं."

"हो का," मी म्हणालो.

"आणि मला सारखी काळजी असायची, तुम्ही दोघंच, करमत नसेल. आता ती मिटली बघा. तुमचं मन रमलंय."

"छान," मी म्हणालो. "उत्तम."

फोन ठेवला. ओसरीत नगरची मुलं जाईचा चेंडू खेळत होती. तिच्यासाठी घेतलेला, पण चेंडूवर कुणाचं नाव नसतं. कालिंदी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण काही न विचारता ती आत गेली आणि कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत राहिली. टाकी भरून पाणी खाली सांडू लागलं तरी ओतत होती.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी भाज्यांबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना हिंगोलीच्या जीपमध्ये बसवलं आणि मी वही काढली. 'उपरोक्त विषयान्वये' एवढं लिहून होतंय तोच कालिंदीने वही उचलून फडताळात टाकली आणि माझ्या हातात फोन दिला.

"बोला."

"काय बोलू?"

"मी त्या दिवशी सांगितलं ते."

फोन लागला. मी डोळे मिटले. "नचिकेत," म्हणालो, "पोरीला घेऊन ये. आम्हाला करमत नाही."

पलीकडून घाबरा आवाज आला. "बाबा, तुम्हाला काय होतंय? डॉक्टरांकडे गेला होता का? बोलताना जीभ जड वाटते का? आईला द्या फोन!"

आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोललो, तर मुलाला पक्षाघाताची शंका आली. कालिंदीने फोन घेतला. "काही झालं नाही त्यांना," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बरे आहेत. तू ये."

हिमाचल रद्द होण्यासारखं नव्हतं. शाळा उघडायच्या आधी एक दिवस जमेल, असं ठरलं. कालिंदीने जूनच्या सगळ्या पाहुण्यांना नकार कळवला आणि पोपटांची चादर धुऊन जाईसाठी ट्रंकेत ठेवली.

ते आले, सकाळी दहाला. जाई उंच झाली होती. पुढचे दोन दात मोठे आले होते. ती आमच्या पाया पडली आणि आपण पाहुणे असल्यासारखी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. माझ्याकडे एकच दिवस होता आणि तीन वर्षांचं साचलेलं. मी लगेच सुरुवात केली. टेकड्या, हद्द, साठवण क्षमता. तळ्यावर नेलं आणि पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते काठीने दाखवलं. जमनाबाईने तिच्या हातात शेळीचं करडू दिलं, तेव्हा करडांच्या जातींविषयीही सांगितलं. जाई माझ्याकडे बघत "हो आजोबा" म्हणत राहिली. मी मनात म्हटलं, पोर गुंगून गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. जीप वळेपर्यंत जाई हात हलवत होती, करडाला की आम्हाला ते नीट दिसलं नाही. घरात आलो. घर पुन्हा जिथे सहसा कोणी जात नाही असं झालं होतं. कालिंदी पोळ्या लाटायला बसली आणि म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात पंधरा दिवस येते म्हणाली. एकटी. मला कानात सांगून गेली."

मी बोटांवर महिने मोजू लागलो.

"पण एक अट घातली तिने."

"कोणतीही असू दे. मान्य आहे."

"आजोबांनी माहिती सांगायची नाही."

"कोणती माहिती?"

"कोणतीच."

दहा महिने हातात आहेत, म्हणून मी त्याच दिवसापासून सराव सुरू केला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, ओसरीत बसून पूर्ण मौन. एप्रिलपर्यंत कितीतरी गोष्टी बदलतात. आठ वर्षांच्या मुलीचं मन तर महिन्यात बदलतं. पण आपल्या बाजूने कसूर नको. पंधरा दिवस मी हे नेमाने केलं. मग राहवेना, म्हणून कालिंदीला विचारलं, "मी एवढा गप्प असतो आता. तुला काही फरक वाटतो का?"

तिने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही गप्प होता?" ती म्हणाली. "मला कसं कळणार? मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ऐकणं सोडलं."