राऊत सरांची उकडहंडी

कुणी एकटा माणूस राबताना दिसला की आमच्या शेजारच्या राऊत सरांना चैन पडत नाही. पापडी गावातल्या माझ्या घराच्या कुंपणाला मी रंग लावत होतो, तर हे ब्रश आणि आपल्याच घरातला डबा घेऊन दुसऱ्या टोकाला हजर. "तू तिकडनं, मी इकडनं. मध्ये भेटू." भेटलो. कुंपण अजून अर्धं निळं, अर्धं हिरवं आहे.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात महासंगणक शिकवतात. "तो काही एकटा हुशार राक्षस नव्हे रे. हजारो साधे संगणक, काम वाटून घेतलेले." कॉलेजने भंगारात काढलेले संगणक त्यांनी पडवीत एकमेकांना जोडलेत. ते सगळे मिळून उद्याच्या हवामानाचं भाकीत करतात. आम्हाला ते परवा कळतं.

थंडीत त्यांच्या वाडीत उकडहंडी होते. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी मसाल्यात घोळवून मडक्यात भरायची, तोंड पानांनी बंद करायचं आणि विस्तवावर ठेवायचं. पहिल्या वर्षी सरांनी सोलणं, चिरणं, वाटणं सगळं वाटून दिलं. मीठ तेवढं कुणालाच नेमून दिलं नाही. मग जो तो येता-जाता घालून गेला. आम्ही संध्याकाळभर पाणी पीत बसलो आणि सर खूश. "हीच चूक वर्गात समजावताना माझा घसा बसतो." तेव्हापासून मिठाचा चमचा एकाच्याच हाती असतो.

दुसरा नियम, सगळ्यांचं काम संपल्याशिवाय मडकं चढत नाही.

मागच्या वर्षी नलूकाकींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून नीट वळत नाही. यंदा त्या शेंगांच्या शिरा काढायला बसेनात. "माझ्यापायी सगळी खोळंबतील. मला वगळा," म्हणाल्या आणि आत निघाल्या. एवढ्या बोलक्या बाई, पण त्या दिवशी आत गेल्या असत्या तर पुन्हा कधी आमच्यात बसल्या नसत्या, असं मला वाटतं.

सरांनी त्यांच्यासाठी पाट मांडला. त्यांच्यापुढे मूठभर शेंगा ठेवल्या, स्वतःपुढे टोपलीभर ओतल्या. "वाटणी सारखी करायची नसते, नलू. सगळ्यांचं एकदम संपेल अशी करायची असते."

तरी सरांचा अंदाज चुकला. त्यांची टोपली रिकामी होत आली, काकींच्या पुढ्यात अजून पाच-सहा शेंगा होत्या. सरांनी शेवटची शेंग उचलली आणि तिची शीर काढत राहिले. शीर केव्हाच निघाली होती, ते नुसतंच नख फिरवत होते. चुलीजवळ कुणीच घाई केली नाही.

काकींनी शेवटची शेंग सुपात टाकली, तशी सरांनीही आपली टाकली.

"तुमचं कधी संपलं?" काकींनी विचारलं.

"हे काय, आत्ताच," सर म्हणाले.