उलटा साबण

लिंबाजीच्या दुकानात आरशाखाली दही लागत असे. इतर न्हाव्यांच्या फळीवर तेलाची बाटली, तुरटीचा खडा आणि एखादा दात पडलेला कंगवा असतो. लिंबाजीच्या फळीवर मातीची सहा बोळकी ओळीने मांडलेली, प्रत्येकात दूध, प्रत्येकावर कोळशाने काढलेली खूण. गिऱ्हाईक बसलं की तो गळ्याभोवती फडकं बांधायचा, फेस करायचा, एक गाल साफ करायचा आणि "जरा थांबा मास्तरसाब" म्हणून बोळकी हलवून बघायला जायचा. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात माझ्या दुसऱ्या गालावर साबणाचा पापड व्हायचा.

बरं, दही लागलं म्हणून हा माणूस खूश व्हावा, तर तेही नाही. लागलं की याचा चेहरा पडायचा. दूध संध्याकाळपर्यंत दूधच राहिलं, की स्वारी न मागता डोकं चोळून द्यायची. दही लागलं म्हणून हळहळणारा माणूस सगळ्या जालन्यात मी हा एकच पाहिला.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर तो परत आला तोच काखेत एक पत्र्याचा डबा घेऊन. फौजेच्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी जखमींचे केस काढायचं काम त्याच्याकडे होतं. निघताना तिथल्या डॉक्टरसाहेबाने त्याला पांढऱ्या भुकटीचा तो डबा दिला होता. भुकटी पाण्यात टाकली की साबणासारखा फेस यायचा, हाताला तसाच बुळबुळीतपणा. डॉक्टरसाहेबाचं म्हणणं, या पाण्यात जंतू मरतात. लिंबाजी वाडग्यात ते पाणी करून ठेवी आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर वस्तरा त्यात बुडवी.

"साबनाचाच थोरला भाऊ हाय बगा," असं तो मोठ्या कौतुकाने सांगायचा.

लिंबाजीला एक खोड होती. तुम्ही काहीही सांगा, तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते बराबर हाय. पन का?" गाडी उशिरा आली, बराबर हाय, पन का? सरकी महागली, बराबर हाय, पन का? एकदा पोलिसांचे अमीनसाहेब दाढीला आले होते. कोणाला तरी पकडल्याचं फुशारकीने सांगत होते. लिंबाजीने त्यांची हनुवटी वर केली, वस्तरा गळ्याला लावला आणि विचारलं, "बराबर हाय साहेब. पन का?" निजामाच्या राज्यात अमिनाला कारण विचारणारा माणूस दुसरा नव्हता. पण वस्तरा होता तिथे होता, त्यामुळे साहेबांनी कारण सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं.

दह्याचं मूळही त्या 'पन का'तच होतं. दही लावणारेसुद्धा एक तऱ्हेचे जंतूच असतात, हे त्याला इस्पितळात कळलं होतं.

"जंतू दिसत न्हाईत मास्तरसाब, दही दिसतं," तो म्हणाला. "वाडग्यातलं दोन चमचे पानी दुधात टाकायचं आन् इरजन लावायचं. दही लागलं तर औषद मेलं. न्हाई लागलं तर औषद जित्तं."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. उर्दू पुस्तकातला जंतूंचा धडा मुलांकडून घोकून घेण्यात माझी बारा वर्षं गेली होती, पण जंतूंना कामाला लावून त्यांचीच साक्ष काढावी हे मला कधी सुचलं नव्हतं. मला त्याचा जरा हेवाच वाटला.

हे सगळं मी गमतीने पाहत होतो, पण मग आमच्या वच्छीच्या जावळाची वेळ आली. पोरगी अकरा महिन्यांची झाली होती. जावळ लिंबाजीनेच काढायचं, असा माझ्या बायकोचा, सरूचा, हट्ट होता. मी तीनदा सांगावा घेऊन गेलो. एकदा त्याचा हात दुखत होता, एकदा धार नीट नव्हती. तिसऱ्यांदा मी चिडलो.

"अहो, आमच्या बाळूचं जावळ तुम्हीच काढलंत ना? मग हिचं का नाही?"

बाळू आमचा पहिला मुलगा. जावळानंतर आठ दिवसांत त्याच्या डोक्यावर फोड आले, ताप चढला आणि पंधराव्या दिवशी तो गेला. 'जालना सोने का पालना' म्हणतात. आमच्या घरचा लाकडी पाळणा त्यानंतर पाच वर्षं माळ्यावर पडून होता.

लिंबाजीने वस्तरा खाली ठेवला.

"त्याच्यामुळंच न्हाई," तो म्हणाला. "त्या दिशी सकाळी म्या एकाची मान साफ केल्ती. मानेवर ह्ये एवढं गळू. वस्तरा फडक्याला पुसला आन् तसाच तुमच्याकडं आल्तो. लेकराला जरासं लागलं. टिपूसभर रगत आलं. तवा मला काय ठाऊक? इस्पितळात एक डाव म्या वस्तरा न धुता दुसऱ्याला लावला, तर डॉक्टरसाहेब अंगावर धावून आला. मी म्हनलो, पन का? त्यानं सांगितलं. त्या दिशी मला समजलं, बाळू कशानं गेला."

आमचा मुलगा गेला त्याच महिन्यात लिंबाजी फौजेत गेला होता. या दोन गोष्टी मी कधी शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या.

"उष्णतेचा ताप होता तो," मी म्हणालो. "नशीब आपलं. तुमचा काय दोष?"

"समदे तेच म्हनतेत," लिंबाजी म्हणाला. "तुमी तरी शिकलेले."

मी घरी येऊन सरूला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं, डाळीतला एक खडा काढून बाहेर टाकला. मग म्हणाली, "जावळ लिंबाजीमामाच काढतील. त्यान्ला सांगा, तुमचं दुधाचं जमलं की या."

आणि ते दुधाचंच तर जमत नव्हतं. सकाळच्या ताज्या औषधाने दही लागायचं नाही, पण दुपारपर्यंत वीसेक वेळा वस्तरा बुडवलेल्या पाण्याने लागायचं, आणि तेही कसं, सुरीने कापावं असं. म्हणजे सकाळच्या गिऱ्हाइकांचं ठीक होतं, बाकीच्यांचा देव वाली. लिंबाजीने भुकटी वाढवली. साबणाचाच थोरला भाऊ, तर धाकट्याची मदत होईल म्हणून वाडग्यात साबण किसून घातला. वाडग्याला घासून धार जाऊ नये म्हणून तळाला पिंजलेला कापूस अंथरला. जालन्यात कापसाला काय तोटा? तर दही आणखीच घट्ट. त्याने चार दिवस दुकानच उघडलं नाही. पाचव्या दिवशी मी त्याला ओढून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी भुकटी पाहिली, डब्यावरचं नाव वाचलं, मग लिंबाजीची सगळी कृती ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा उलटा साबण आहे," ते म्हणाले. "दिसायला साबण, गुण बरोबर उलटे. साधा साबण आणि हा भेटले की एकमेकांना अशी मिठी मारतात की जंतूंकडे बघायला कोणालाच सवड राहत नाही. फेसाने भरलेला वस्तरा तुम्ही थेट यात बुडवता. वर साबण किसून घालता! आणि कापूस? कापूस हे औषध पिऊनच टाकतो."

म्हणजे लिंबाजीने काळजीपोटी जे जे केलं, त्याने औषध मेलं होतं. मला वाटलं, आता हा खचेल. पण तो टक लावून डॉक्टरांकडे पाहत होता.

"बराबर हाय," तो म्हणाला. "पन मिठी का मारतेत?"

डॉक्टर अर्धा तास समजावत होते. त्यातलं पाव आण्याइतकं मला कळलं. लिंबाजीला किती कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुकानात एकाऐवजी चार वाडगे आले. तीन उकळलेल्या पाण्याचे, साबण पार निघेपर्यंत वस्तरा खळबळायला, आणि चौथा औषधाचा, कापसाविना. एका दाढीला दुप्पट वेळ लागू लागला. घाईची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. तो बोळकी हलवत राहिला. आठ दिवस लागोपाठ सकाळ-दुपार-संध्याकाळ दूध दूधच राहिलं, तेव्हा त्याने निरोप पाठवला, "येतो."

धावड्याहून माझा मेहुणा आला होता. वच्छीला त्याच्या मांडीवर बसवलं. लिंबाजीने चारही वाडगे पाटावर मांडले, हात धुतले, वस्तरा तिन्ही पाण्यांतून काढून औषधात ठेवला, पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याने धुतला आणि वच्छीच्या डोक्याजवळ नेला. तिथे त्याचा हात थांबला.

"औषद जित्तं हाय, बाई," तो सरूला म्हणाला. "पन माझा हात उचलंना."

"होईल हो लिंबाजी, देवावर सोडा," मी म्हणालो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

सरूने मला हातानेच गप्प केलं. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"मामा, माझं लेकरू तुमच्याच वस्तऱ्यानं गेलं," ती म्हणाली. "काप म्या पाह्यला व्हता. हळद म्याच लावल्ती. फोड तिथूनच सुरू झाले. तापाचं न् नशिबाचं मला सांगू नका. मला तवाच समजलं व्हतं."

"मंग बोलल्या का न्हाई, बाई?"

"कुनाला बोलायचं? ह्यांना?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बायकांनी न्हेऊन पाळना माळ्यावर ठिवला न् म्हनल्या, इसर. तुमी इसरला न्हाई. म्हनून तुमालाच बोलावलं."

मी बारा वर्षं विज्ञान शिकवत होतो आणि माझ्याच घरात सहा वर्षं ही बाई एकटी हे जाणून होती. मला लाज वाटली. लिंबाजी मात्र रडत होता, आणि त्याच्या पडलेल्या खांद्यांकडे पाहून मला कळलं, की इतक्या वर्षांत त्याचं म्हणणं खरं मानणारं त्याला आज पहिल्यांदा कोणी भेटलं होतं. वस्तऱ्याच्या हातानेच त्याने डोळे पुसले.

"घ्या," सरू म्हणाली, "पोरगी कटाळली."

लिंबाजीने वस्तरा उचलून धरला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तोंडाला हात लागला."

आणि तो उठून पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला गेला. आम्ही सगळे थांबलो.