पडलेल्या उमेदवारांचे वानखेडे

माणसं दिवाळीला रजा घेतात, मुलांच्या परीक्षेला घेतात, गेलाबाजार सासूच्या ऑपरेशनला घेतात. आमचे वानखेडे रजा घेतात आफ्रिकेतल्या निवडणुकांना. इथं आखातात, मीना सलमान बंदरातल्या गोदामात ते स्टोअर सांभाळतात आणि मी तिथंच अकाउंट्समध्ये डोकं फोडतो. यंदा त्यांची साठी झाली. महिनाअखेर व्हिसा संपतोय आणि कंपनी तो वाढवणार नाही, म्हणजे खलास. आता कुठं जाणार विचारलं, तर म्हणाले, "मलावीचं मतदान आठवते का तुम्हाले?" कपाळ माझं!

बरं, तिकडं जाऊन सिंह बघावा, हत्ती बघावा. छे. हा गृहस्थ विमानं बदलत झांबियात जातो आणि मतदान केंद्रासमोर झाडाखाली उभा राहतो. परत आला की आठवडाभर आमच्या चहाचं वाटोळं. बायका घडीच्या खुर्च्या घेऊन कशा रांगेत बसतात, नामिबियात एका आजीबाईंनी यांनाच पुढे सरका म्हणून कसं दटावलं, सगळं साग्रसंगीत. पण खरा जीव पडलेल्या उमेदवारावर. बोत्स्वानात स्वातंत्र्यापासून राज्य करणारा पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी मुकाट्यानं खुर्ची सोडली, हे सांगताना ते चहाचा कप खाली ठेवतात. "ना दगड, ना गोटा. गडी उठला अन् घरी गेला, पाहा ना."

आमच्या मराठी मंडळात निवडणूक म्हणजे बटाटेवडा खाता खाता त्याच अध्यक्षांना बिनविरोध टाळ्या. गेल्या वर्षी वानखेडे उभे राहिले. अध्यक्षांचा वडा हातातच राहिला. चिठ्ठ्या मोजल्या तर वानखेड्यांना एकच मत, तेही माझं. मी चिडून विचारलं, तुमचं स्वतःचं कुठं गेलं? स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही, म्हणून अध्यक्षांना दिलं म्हणे. मग त्यांनी पराभवाचं भाषण केलं, घरून पाठ करून आणलेलं, आणि अध्यक्षांना हार घातला. तोही घरूनच आणला होता.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. आता हसू येत नाही. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नागपूरला यांनीच बांधलेलं घर आहे, त्यात धाकटा भाऊ सहकुटुंब राहतो. मी रोज टोचत होतो, त्याला एकदा फोन तरी करा.

काल त्यांनी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली. फोन केला होता. भाऊ फार गोड बोलला म्हणे.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, या ना. चार दिवस राहून जा."

स्वतःच्या घरात चार दिवस! मी तावातावानं म्हटलं, घर तुमचं आहे, भांडा. त्यांनी मान हलवली. वरच्या खोलीत पुतण्याचा संसार आहे, सूनबाई पोटुशी आहे, आता कोणाला उठवायचं, म्हणाले.

बराच वेळ ते माझ्या टेबलावरची धूळ बोटानं पुसत बसले.

"ते हरलेले लोक घरी जातात ना," ते म्हणाले, "त्याईले दार कोण उघडते, हे मात्र मले कधी पाहायले भेटलं नाही."