आलुबुखारं तिसऱ्याच बागेत का अडकतात

यंत्र बिघडलं की माणसं त्याच्यापुढे हात टेकतात. मी नाही टेकत. माझ्यापुढे यंत्रच हात टेकतं! आमच्या चाचाक गावात कुणालाही विचारा, विटोमिर कोण म्हणून. पाण्याचा पंप नुसता ऐकून त्याला कुठे दुखतंय ते सांगणारा माणूस, असंच सांगतील. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगून ठेवलंय.

म्हणूनच त्या दिवशी नाश्त्याला बायकोशी पैज लावताना मी दुसरा विचार केला नाही. पहिलाही केला नव्हता, हे नंतर कळलं.

भांडण होतं छोट्या खोलीचं. त्या खोलीत माझा तरुणपणीचा कॉम्प्युटर असतो. सगळा मेंदू कीबोर्डच्याच पोटात, बाजूला फ्लॉपीची खाच, आणि खाली जमिनीवर त्याला वीज पुरवणारा विटेएवढा ठोकळा. सोबत फ्लॉप्यांचा डबा. त्यात गेम बनवायचं किट! चित्रं काढा, गाणं घाला, काय कधी पडायचं ते सांगा, की झाला गेम. मी त्यावर आलुबुखारं वेचायचा गेम बनवत होतो. झाडावरून आलुबुखारं पडतात, आपण टोपली पळवायची. एकामागून एक तीन बागा. तिसरी पार केली की टोपलीतल्या फळांची राकिया, म्हणजे आमची घरगुती दारू, होते आणि बाटली नाचते. बाटलीचा नाच मी स्वतः बसवलाय!

"आईला या हिवाळ्यात मी खेड्यात एकटीला ठेवणार नाही," रुझित्सा म्हणाली. "छोटी खोली तिला."

"आणि माझा कॉम्प्युटर?"

"तळघरात. बटाट्यांशेजारी."

"तळघरात ओल आहे!"

"मग इतकी वर्षं बटाटे काय करतायत तिथे?"

"अगं, पण गेम होतच आलाय!"

"मिलेना माझ्या पोटात होती तेव्हाही होतच आला होता. ती आता नोवी सादला लोकांचे दात काढते."

मला झोंबलं. मी टेबलावर मूठ आपटली. "ठीक आहे! स्लावाच्या दिवशी कूम येईल ना? त्याला खेळायला बसवतो. तिन्ही बागा न अडकता पार झाल्या तर खोली माझी, कायमची! अडकल्या तर कॉम्प्युटर मीच उचलून खाली नेतो."

स्लावा म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा दिवस आणि कूम म्हणजे ब्लागोये, माझ्या लग्नातला साक्षीदार, माझ्या लेकीचा धर्मपिता. आम्ही दोघंही एकमेकांना कूमच म्हणतो. कूमने एकदा निवाडा दिला की त्यावर अपील नाही.

"कबूल," रुझित्सा म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई आल्या. देसांका हे त्यांचं नाव. स्लावाच्या तयारीला आल्या म्हणायचं. पण माणूस तयारीला येताना स्वतःची उशी आणत नाही! पिठाचं पोतं, अक्रोड, स्वतःचं लाटणं आणि ती उशी. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर त्यांनी तळ ठोकला आणि घरात कणीक मळायला सुरुवात झाली. सकाळी पाव, दुपारी अक्रोडाची गुंडाळी, संध्याकाळी पुन्हा पाव. जाता येता म्हणायच्या, "काय बाई हे घर! शेवटचा मजला, खोली तापवायचा रेडिएटर असा कोमट, कणीक फुगायची तरी कशी?"

मला काय त्याचं! मी माझ्या कामात. एकदा तर त्या माझ्या पायाशी वाकून म्हणाल्या, "जावईबापू, हे जरा इथे ठेवते हं?" मी त्या वेळी तिसऱ्या बागेत होतो. "हं, हं, ठेवा," म्हटलं. काय ठेवलं, कुठे ठेवलं, देव जाणे. टेबलावर त्यांनीच विणलेला जमिनीपर्यंतचा टेबलक्लॉथ, खाली कोण बघतो?

आणि नेमका तेव्हापासून गेम अडकायला लागला! पहिली बाग छान, दुसरी छान, तिसऱ्या बागेत टोपली भरत आली की आलुबुखारं हवेतच लटकायची. स्क्रीनवर रंगीत पट्टे, गाणं एकाच सुरात घुंईं!

मी हार मानणारा नाही. आधी वाटलं फ्लॉपी सडली. दुसरी घातली. घुंईं! मग वाटलं किटमध्येच खोट आहे. फळं पडायचा सगळा भाग नव्याने लिहिला. घुंईं! जुन्या कॉम्प्युटरवाल्यांची इंटरनेटवर एक मंडळी आहे, तिथे विचारलं. पोलंडचा कुणी गृहस्थ म्हणाला, "कशाने तरी तापत असेल." मी त्याला चांगलं सुनावलं, की बाबा, आमच्याकडे माणसं गारठतात, यंत्र कसलं तापतंय! खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात माझ्या पायांना मात्र बरं वाटत होतं. टेबलाखाली काहीतरी मऊ, उबदार गाठोडं होतं, त्यावर पाय ठेवले की झकास! मला वाटलं, सासूबाईंची लोकर असेल.

शेवटी ब्लागोयेलाच बोलावलं. न्यायाधीशही तोच आणि मेकॅनिकही तोच, पण आमच्यात चालतं.

"कूमा, आतल्या जोडणीचे पितळी दात मळलेत," तो म्हणाला. "राकियाने पुसू. घरची आहे ना? तीच लागते. दुकानातली म्हणजे नुसतं अत्तर."

आम्ही कॉम्प्युटर उघडला. एक बोळा दातांना, एक घोट आम्हाला. दात फार होते. मग जोडला आणि काय सांगू, तिन्ही बागा पार! बाटली नाचली! आम्हीही नाचलो! नेमक्या त्या दुपारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या.

त्या परत आल्या. खोलीत शिरल्या, टेबलाखाली वाकून काहीतरी खुडबुड केली, गेल्या. थोड्या वेळाने घुंईं! पुन्हा आल्या, वाकल्या, गेल्या. थोड्या वेळाने गेम सुरळीत!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन रुझित्साच्या कानात कुजबुजलो, "तुझ्या आईची नजर लागते! ती आली की बंद पडतं. तिला खोली हवी आहे ना!"

आता माझं कुजबुजणं म्हणजे पंपघरातलं कुजबुजणं. चालू पंपाच्या वर ऐकू जायची सवय. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"माझी नजर?" त्या म्हणाल्या. "माझी? या माणसाशी मी पुन्हा एक शब्द बोलले तर जीभ झडो माझी!"

"आई, अगं तो चिडलाय..."

"त्याला सांग, मी बोलणार नाही म्हणून."

आणि खरंच बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी मुलीकरवी मागायच्या आणि मी समोर बसलेला असायचो. मला तर बरंच वाटलं.

स्लावाची सकाळ उजाडली. रुझित्सा मेणबत्ती आणायला खाली गेली. मी दाढी करून छोट्या खोलीत आलो आणि आतून कडी घातली. आज नजर नको की काही नको! फ्लॉपी घातली, पाय गाठोड्यावर टेकले. दारावर टकटक झाली.

"कोण?"

उत्तर नाही. पुन्हा टकटक, जरा जोरात.

"कोण आहे ते बोला ना!"

उत्तर नाही. मग बुक्कीच!

"अच्छा, तुम्ही होय!" मी ओरडलो. "कूमचा खेळ होईपर्यंत दार उघडणार नाही! पाहुणे आले की बघा काय नजर लावायची ती!"

बाहेर एक मोठा श्वास ऐकू आला. नाकातून सोडलेला. मग पावलं दूर गेली. मला वाटलं, जिंकलो.

थोड्याच वेळात ब्लागोये आला. दारात बूट काढून मोज्यांवरच आत, रंगीत लोकरीचे मोजे, त्याच्या आईने विणलेले. त्याला मी आत घेतलं आणि पुन्हा कडी!

"कूमा, प्रामाणिकपणे खेळायचं," मी म्हणालो. "मैत्री बाजूला."

"मैत्री बाजूला," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

पहिली बाग पार. दुसरी पार! ब्लागोयेची जीभ ओठांबाहेर आलेली, टोपली डावीकडे उजवीकडे धावतेय. तिसरी बाग सुरू झाली.

"विटोमिर," ब्लागोये स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "मांजर कधी आणलंत?"

"कसलं मांजर? खेळ!"

"पायाशी बसलंय. गरम आहे."

"लोकर आहे ती. डावीकडे, डावीकडे!"

"लोकर पायावर चढत नाही, कूमा."

"कूमा, चारच राहिलीत! खेळ!"

"अरे, ते मोज्यात शिरतंय!"

तेवढ्यात दारावर दणादण थापा. रुझित्साचा आवाज. "दार उघड! आईची कणीक आत आहे! पाद्री यायची वेळ झाली!"

शेवटचं आलुबुखार झाडावरून सुटलं. टोपली बरोब्बर त्याच्याखाली! आणि... घुंईं!

आलुबुखार हवेत. ब्लागोये खुर्चीवर. म्हणजे खुर्चीवर उभा! मी कडी काढली, मायलेकी आत घुसल्या. सासूबाईंनी टेबलक्लॉथ उचलला. खाली माझं जुनं लष्करी कांबळं, कांबळ्यात परात आणि परातीतून बाहेर पडून जमिनीवर निघालेली स्लावाच्या पावाची कणीक! आज पाद्री ज्यावर वाइन ओतणार, संताच्या नावाने जो कापायचा, तोच तो पाव! त्यात कूमच्या मोज्याचा रंगीत धागा.

सासूबाईंचं मौन सुटलं आणि असं सुटलं की बोलायलाच नको.

"पाय काढ, मेल्या! देवाचा पाव आहे तो!" जन्मात पहिल्यांदा त्या एकेरीवर आल्या. नक्की कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघांनीही पाय काढले. "विचारून ठेवलं होतं मी! हं हं ठेवा, म्हणाला हा! सगळ्या घरात तेवढाच एक ठोकळा गरम, म्हणून त्याच्यावर ठेवायचे. वरून कांबळं. रोज कसं सुरेख फुगायचं! आणि आज मला बाहेर कोंडलंस?"

मी खाली वाकून ठोकळ्याला हात लावला आणि तो झटकन मागे घेतला. असा चटका! वर परात, भोवती कांबळं, बिचारा आठवडाभर भाजून निघत होता. फार तापला की वीज देणं बंद करायचा. कणीक ओव्हनमध्ये गेली की निवायचा.

"म्हणजे माझा प्रोग्राम चांगला आहे!" मी ओरडलो. आनंदाने रडायचाच बाकी होतो. "रुझित्सा, माझी चूकच नाही! ती परात उचला, पुन्हा खेळ लावू!"

"परातीला हात लावशील तर याद राख!" सासूबाई म्हणाल्या. सांडलेली, मोजा लागलेली कणीक त्यांनी काढून टाकली, उरलेली पुन्हा मळून ठोकळ्यावर ठेवली. "हिला अजून ऊब लागणार. आत्ता गार पडली तर विटेसारखा पाव होईल. अख्ख्या गावासमोर विटेसारखा पाव?"

सगळे ब्लागोयेकडे बघायला लागले. तो खुर्चीवरून उतरला, मोजा झटकला, घसा साफ केला.

"खेळ अडकला," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं. मैत्री बाजूला, असं तूच म्हणालास, कूमा. कॉम्प्युटर तळघरात."

मी खाली बसलो. एवढी वर्षं, एवढ्या बागा, आणि शेवट बटाट्यांशेजारी!

आणि तेव्हा कोण बोललं असेल? सासूबाई!

"तळघरात? काही गरज नाही!" त्या कडाडल्या. "हे यंत्र इथून हलणार नाही! उभ्या आयुष्यात मला कणकेसाठी एवढी चांगली जागा मिळाली नाही."

"आई!" रुझित्सा म्हणाली.

"आई बिई काही नाही. माझी खाट टाका इथे, त्याच्या शेजारी. आणि जावईबापू, ते रोज चालू ठेवायचं काम तुमचं."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. ज्यांच्यावर नजरेचा आळ घेतला त्याच माझ्या बाजूने उभ्या राहिल्या! मला फार लाज वाटली आणि त्याहून फार बरं वाटलं. पाद्री आले, पाव कापला, त्यावर वाइन ओतली. "यंदा काय मऊ झालाय हो!" म्हणाले. ब्लागोयेने एकदा स्वतःच्या मोज्याकडे पाहिलं आणि दोन तुकडे खाल्ले.

तर मंडळी, कॉम्प्युटर अजून छोट्या खोलीतच आहे. गेमही पूर्ण झालाय, त्यात आता काडीचीही चूक नाही. घरात विकतचा पाव आणला, की त्या दिवशी तिन्ही बागा सरळ पार होतात, कधीही येऊन खेळून बघा. फक्त सासूबाई म्हणतात, त्यांच्या जिवात जीव आहे तोवर या घरात विकतचा पाव येणार नाही. आणि तब्येत त्यांची, देवाच्या दयेने, माझ्यापेक्षा चांगली आहे.